कॉम्प्युटरशी बोलायचं, पण कोणत्या भाषेत?

सुट्टी जवळ आली की क्लासच्या जाहिराती घरात येऊन पडतात. एकीत 'सी', दुसरीत 'जावा', तिसरीत 'पायथन'! ताई म्हणते, "सी आलं नाही तर काहीच आलं नाही." शेजारचा दादा म्हणतो, "आता सी कोण शिकतं?" आणि बाबा फीचा आकडा बघून गप्प! मग सुरुवात करायची तरी कुठून?

आधी कागद-पेन्सिल घ्या. पेन्सिलीच्या टोकावर एक कासव बसलंय असं समजा. त्याला दोनच आज्ञा कळतात : 'पुढे जा' आणि 'उजवीकडे वळ'. '१०० पावलं पुढे जा, ९० अंश वळ' असं चार वेळा सांगितलं की झाला चौरस! आता समभुज त्रिकोण काढा. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, म्हणून '६० अंश वळ' म्हणाल, तर फसाल! कासव षटकोनाच्या वाटेला लागेल. कारण ते आतला कोन मोजत नाही, सरळ वाट सोडून किती वळायचं ते मोजतं. म्हणजे १८० वजा ६०, १२० अंश.

यात कोणती भाषा आली? एकही नाही! पण प्रोग्रॅमिंग मात्र झालं. काम लहान पायऱ्यांत मोडायचं, तीच आज्ञा पुन्हा द्यायची, चूक शोधायची, हे सगळ्याच भाषांत असतं. म्हणून एक भाषा नीट आली की दुसरी लवकर येते.

हे कासव खरंच आहे बरं का! १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात हे कासव आलं. त्याआधी १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी नवशिक्यांसाठी 'बेसिक' बनवली. 'सी'चं तसं नाही. ती १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली, ती जाणकारांच्या कामासाठी. तिच्यात संगणकाच्या स्मृतीचा हिशेब आपणच ठेवायचा असतो. भाषा उत्तम, पण पहिल्याच दिवशी तिच्याशी झुंजलात, तर "मला हे जमतच नाही" असं वाटू लागतं. खरं नुकसान फीचं नसतं, या गैरसमजाचं असतं!

तर मग काय निवडाल? टायपिंगचा कंटाळा येत असेल, तर 'स्क्रॅच' घ्या. एमआयटीत तयार झालेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, त्यामुळे स्पेलिंग चुकण्याची भीतीच नाही. सातवी-आठवीत असाल आणि इंग्रजी टाइप करता येत असेल, तर थेट 'पायथन'. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. सातचा पाढा छापायला तिच्यात दोन ओळी पुरतात! आणि आपलं कासव? ते पायथनमध्येही आहे. वेबपान सजवायचं, हलवायचं असेल, तर 'जावास्क्रिप्ट'.

आई-बाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. स्क्रॅच आणि पायथन दोन्ही फुकट मिळतात. क्लासचे पैसे भरण्याआधी दोन आठवडे मुलांबरोबर बसून पाहा. 'कोणत्या भाषेत नोकरी मिळेल?' हा प्रश्न पाचवीच्या मुलासाठी फार लवकरचा आहे. 'तुला काय बनवायचंय?' असं विचारा. खेळ, चित्र की गणिताचं कोडं? उत्तरातच भाषा सापडेल.

आता तुमची परीक्षा! कासवाकडून पाच टोकांची चांदणी काढून घ्यायची आहे. दर टोकाला किती अंश वळायचं? सूचना : चांदणी पुरी होईपर्यंत कासव स्वतःभोवती दोन पूर्ण फेऱ्या मारतं. लागा कामाला!