धडधाकट भाडेकरू आणि सरकारचं छप्पर

‘भाडं सरकार भरतंय म्हटल्यावर कामाला कोण जाईल?’ हा प्रश्न अमेरिकेत निवडणूक असो-नसो, कानावर येतोच. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या गप्पांतही तो येतो, एप्रिलमध्ये करविवरण भरताना जरा जास्तच. 2018 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री बेन कार्सन यांनी सरकारच्या भाड्याच्या मदतीला कामाची अट जोडता यावी असा प्रस्ताव आणला होता. तो पुढे सरकला नाही. मे 2025 मध्ये त्याच खुर्चीवर बसलेल्या स्कॉट टर्नर यांनी आणखी तीन वरिष्ठ सहकाऱ्यांबरोबर वर्तमानपत्रात लेख लिहून धडधाकट प्रौढांनी मदतीच्या बदल्यात काम केलंच पाहिजे, असं पुन्हा मांडलं. मागणी ऐकायला रास्त वाटते. पण ती ज्या चित्रावर उभी आहे, त्यातल्या बऱ्याच रेषा चुकलेल्या आहेत.

पहिली रेष ‘फुकट घर’ या शब्दांची. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं किंवा म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर मालकीचं होतं. अमेरिकेतली मदत भाड्यापुरती असते. घर एकतर स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाचं असतं, नाहीतर खासगी मालकाचं. खासगी घरासाठी व्हाउचर मिळतं. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भरायचे, उरलेले सरकार त्या मालकाला देतं. उत्पन्न शून्य असलं तरी बहुतेक ठिकाणी महिन्याला 50 डॉलरपर्यंत किमान भाडं लावता येतं. ही भाड्याची मर्यादा मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या 1969 च्या दुरुस्तीतून आली. तेव्हा ती 25 टक्के होती, 1981 मध्ये 30 झाली.

आता ही मदत घेतं कोण? सगळ्या योजना मिळून सुमारे एक कोटी माणसं. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांचा कर्ता वृद्ध किंवा अपंग आहे. त्यांना कुठलाच प्रस्ताव कामाला जुंपत नाही. उरलेल्या घरांत मोठा भाग कुणीतरी नोकरी करतोय किंवा नुकतीच सुटली आहे, अशांचा. त्यातूनही उरलेल्यांत तान्ही मुलं सांभाळणाऱ्या, आजारी आईची शुश्रूषा करणाऱ्या बायका निघतात. म्हणजे ज्याच्या नावाने एवढं राजकारण चालतं, तो सोफ्यावर लोळणारा धडधाकट गडी शोधायला गेलं तर बरंच शोधावं लागतं. तो अजिबात नाही असं नाही. पण धोरण बहुसंख्यांकडे पाहून आखायचं की त्याच्याकडे, हा प्रश्न आहे.

काहींना वाटतं की ही घरं पहिल्यापासूनच बेकारांसाठी बांधली गेली. उलट आहे. देशातल्या पहिल्या सरकारी वसाहतींपैकी एक, अटलांटातली टेकवुड होम्स, 1936 मध्ये लोकांना राहायला खुली झाली. 1937 च्या कायद्याने असं बांधकाम देशभर सुरू झालं. सुरुवातीच्या भाडेकरूंत नोकरदार कुटुंबंच जास्त होती, कारण भाड्यातूनच इमारतीची देखभाल निघायची. टेकवुड फक्त गोऱ्यांसाठी होती, हेही सांगायला हवं. पुढे मध्यमवर्ग उपनगरांत गेला, नियम अधिकाधिक गरिबांना प्राधान्य देणारे झाले आणि या इमारतींत सर्वांत खालच्या थरातली कुटुंबं एकवटली. त्यामुळे आजच्या भाडेकरूंचं उत्पन्न कमी दिसतं याचं एक साधं कारण आहे: ज्यांचं उत्पन्न कमी, त्यांनाच घर द्यायचं असं ठरवलं गेलं.

‘सध्या काहीच अट नाही’ हेही तितकंसं खरं नाही. 1998 च्या कायद्यानुसार प्राधिकरणाच्या इमारतीत राहणाऱ्या, सवलतीत न बसणाऱ्या प्रौढाने महिन्याला 8 तास समाजसेवा किंवा स्वावलंबनाच्या एखाद्या कार्यक्रमात भाग घ्यायचा असतो. 62 च्या पुढचे, अपंग, नोकरी करणारे यांना सूट. व्हाउचरवाल्यांना हा नियम नाही. अंमलबजावणी मात्र सैल राहिली, हे गृहनिर्माण खात्याच्याच महानिरीक्षकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. याशिवाय 1996 च्या ‘मूव्हिंग टू वर्क’ या प्रयोगातल्या मोजक्या प्राधिकरणांना नियम वाकवायची मुभा आहे. अटलांटाने आठवड्याला 30 तास कामाची अट लावली, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटने 15 तासांची. 2025 च्या मध्यापर्यंत देशभर लागू होईल अशी कामाची अट मात्र नव्हती. जुलै 2025 च्या मोठ्या कायद्याने मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) आणि अन्नमदतीच्या अटी कडक केल्या. भाड्याच्या मदतीला त्याने अशी अट लावली नाही. पुष्कळ जण या तिन्हींची गल्लत करतात.

मग ‘मदतीमुळे माणूस आळशी होतो’ हे साफ खोटं? नाही. मदतीच्या बाजूचे लोक इथे थोडी सारवासारव करतात. शिकागोत 1997 मध्ये व्हाउचरची प्रतीक्षा यादी उघडली, तेव्हा 82 हजारांहून अधिक अर्ज आले आणि क्रम चिठ्ठ्या टाकून लावावा लागला. चिठ्ठीमुळे तुलना चोख झाली. ब्रायन जेकब आणि जेन्स लुडविग यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हाउचर मिळालेल्यांचं रोजगारातलं प्रमाण सुमारे 4 टक्केबिंदूंनी आणि कमाई साधारण 10 टक्क्यांनी घटलेली आढळली. परिणाम आहे, तो लपवायचं कारण नाही. पण शंभरात चारांचा फरक म्हणजे सगळी वस्ती हातपाय गाळून बसली असंही नव्हे.

शिवाय हा फरक कुठून येतो तेही हिशेब करून पाहावं. समजा, एका बाईला तासाला 15 डॉलरची, आठवड्याला 20 तासांची दुकानातली नोकरी लागली. महिन्याला 1300 डॉलर हाती येतात. वजावटी सोडून दिल्या तर त्याचे 30 टक्के, म्हणजे 390 डॉलर, भाड्यात गेले. पगार वाढला तशी अन्नमदतही उतरते. पाळणाघर आणि बसभाडं वेगळंच. घरातून बाहेर पडून दमूनभागून आल्यावर तिच्या हाती नक्की किती उरतं? तरीही बहुतेक जणी जातात. ज्या तास कमी करतात त्यांना आळशी म्हणण्याआधी हा कागद समोर ठेवावा. केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवरच अडकलं आहे. उलट 2024 मध्ये दोन बेडरूमचं साधं घर परवडायला देशात सरासरी तासाला 32.11 डॉलर कमवावे लागतात, असा अंदाज अल्प उत्पन्न गृहनिर्माणाच्या राष्ट्रीय संघटनेने काढला होता. नोकरी आहे म्हणून भाडं निघतं, हे समीकरणच तिथे तुटलेलं आहे.

अट लावल्यावर काय होतं? शार्लटचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे. तिथे आधी काही वसाहतींत केसवर्कर नेमले, माणसाला नोकरी शोधून द्यायची, अर्ज भरायला मदत करायची, मूल कुठे ठेवायचं ते बघायचं. शिक्षा नंतर आली, अट न पाळल्यास भाड्याची सवलत घटवण्याची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्यम रोह आणि सहकाऱ्यांना 2016 मध्ये आढळलं की किमान भाड्यावर राहणाऱ्यांचं प्रमाण घटलं, म्हणजे अधिक लोक कमवू लागले, आणि घरातून काढण्याचं प्रमाण वाढलं नाही. अटीच्या समर्थकांसाठी ही चांगली बातमी आहे. पण ती छोट्या जागेतली, केसवर्करच्या खर्चासकटची. तो खर्च वगळून नुसती शिक्षा उचलली तर तोच निकाल मिळेल, असं समजायला आधार नाही. अटलांटाचा दाखलाही जपून द्यावा. त्याच काळात तिथल्या जुन्या वसाहती पाडल्या जात होत्या, त्यामुळे कशाने काय झालं ते सुटं करणं अवघड.

नुसती अट कशी वागते ते आर्कान्सॉने 2018 मध्ये दाखवलं. घरांच्या नव्हे, मेडिकेडच्या बाबतीत. महिन्याला 80 तास काम केल्याची नोंद ऑनलाइन करायची होती आणि सुरुवातीला ते संकेतस्थळ रात्री 9 ते सकाळी 7 बंद असायचं! काही महिन्यांत 18 हजारांहून अधिक लोकांचं विमासंरक्षण गेलं. रोजगार मात्र वाढल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. अनेकांना हा नियम आपल्याला लागू आहे, हेच माहीत नव्हतं. घराच्या बाबतीत पगाराच्या पावत्या, दरवर्षीची उत्पन्न तपासणी हा कागदी व्याप आधीच आहे. आर्कान्सॉत काही महिन्यांच्या नोंदी चुकल्या म्हणून विमा गेला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येत होता. घर गेलं की मुलाची शाळाही बदलते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘जॉब्स-प्लस’ हा प्रयोग. तिथे अट नव्हती. वसाहतीतच नोकरीचं मार्गदर्शन, शेजाऱ्यांमार्फत कामाच्या जागांची बातमी, आणि मुख्य म्हणजे कमाई वाढली तरी भाडं तितकंसं वाढणार नाही अशी सोय. वर उल्लेखलेल्या बाईचा 390 डॉलरचा काटा नेमका इथे बोथट केला होता. लॉस एंजेलिस, सेंट पॉल आणि डेटन या ज्या शहरांत तो नीट राबवला गेला, तिथे सात वर्षांच्या काळात भाडेकरूंची कमाई सुमारे 16 टक्क्यांनी जास्त राहिली. शिक्षेशिवाय.

राहिला एक हिशेबी समज: अटीने सरकारचे पैसे वाचतील. अमेरिकेत भाड्याची मदत हा हक्क नाही. निधी ठरलेला असतो आणि पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच ती मिळते. एकीचं व्हाउचर काढून घेतलं की ते यादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जातं आणि पैसे तिथेच खर्च होतात. वर तास मोजायला, सवलती तपासायला, अपिलं ऐकायला माणसं लागतात. त्यांचा पगार प्राधिकरणालाच द्यावा लागतो. खरी बचत अर्थसंकल्पातला आकडा कापला तरच होते, आणि तो कापायला कामाच्या अटीची गरज कुणालाच नाही.