प्रश्नमंचावरील सुरांचे देशांतर

शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषा चालू असावी, निवेदकाने प्रश्न विचारून चार पर्याय सावकाश वाचून दाखवावेत, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून तो खर्जातला, एकाच जागी घुटमळणारा, छातीत धडधड उत्पन्न करणारा सूर सुरू व्हावा, हा प्रसंग महाराष्ट्रात आता इतका परिचयाचा झाला आहे की, ते संगीत कोणी रचले, कशासाठी रचले आणि कोणत्या वाटेने ते आपल्या सभागृहापर्यंत येऊन पोहोचले, ही जिज्ञासा श्रोत्यांच्या मनात सहसा उद्भवत नाही. गणेशोत्सवातील स्पर्धा असो, हळदीकुंकवाच्या समारंभातील खेळ असो, त्या सुरांची पहिली दोन आवर्तने कानी पडताच आबालवृद्ध सावरून बसतात. आता कोणाचा तरी निर्णय व्हायचा आहे, एवढे कोणी न सांगता सर्वांस उमगते. संगीताच्या इतिहासात असे सामर्थ्य फार थोड्या रचनांच्या वाट्यास आले आहे, आणि तरीही दूरचित्रवाणीवरील स्पर्धांचे संगीत हा विषय आपल्याकडे गांभीर्याने विचारात घेतला जात नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

ती रचना मूळची इंग्लंडची. 4 सप्टेंबर 1998 रोजी तेथील आयटीव्ही वाहिनीवर 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचे संगीत कीथ स्ट्रॅकन व मॅथ्यू स्ट्रॅकन ह्या पितापुत्रांनी सिद्ध केले. तोपर्यंतच्या बहुतेक स्पर्धांत संगीताची कामगिरी आरंभीच्या व शेवटच्या शीर्षकापुरती मर्यादित असे. मधला सर्व वेळ प्रश्न, उत्तरे आणि टाळ्या. स्ट्रॅकन पितापुत्रांनी हा मामूल मोडला आणि कार्यक्रमाच्या जवळजवळ प्रत्येक क्षणाखाली सुरांचा एक अखंड प्रवाह वाहता ठेवला. होल्स्ट ह्या इंग्रज रचनाकाराच्या ग्रहमालेवरील वाद्यवृंदकृतीत 'मंगळ' नावाचा जो युद्धसूचक भाग आहे, त्याची छाया ह्या संगीतावर पडलेली जाणकारांस दिसते. परंतु खरे रचनाकौशल्य दुसरीकडेच आहे. वरच्या टप्प्यातील प्रत्येक प्रश्नागणिक पार्श्वसंगीत अर्ध्या स्वराने वर चढते. हार्मोनियमच्या परिभाषेत सांगायचे तर, प्रत्येक नव्या प्रश्नाला वादक शेजारच्या पट्टीवर सरकतो. श्रोत्याला हे सरकणे पृथकपणे ऐकू येत नाही, पण मागच्या प्रश्नापेक्षा ह्या वेळचा श्वास अधिक आखूड झाला आहे, अशी जाणीव त्याला खचित होते. इतक्या साध्या उपायाने इतका मोठा परिणाम साधणे हे थोर कारागिराचे लक्षण होय.

हा कार्यक्रम देशोदेशी गेला तेव्हा त्याच्या तहनाम्यात केवळ प्रश्नोत्तरांची रीत नव्हे, तर प्रकाशयोजना आणि संगीतही अंतर्भूत होते. म्हणून 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसवर अमिताभ बच्चन यांनी 'कौन बनेगा करोडपती'चे सूत्र हाती घेतले तेव्हा सूर तेच राहिले, आणि 2013 साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाने 'कोण होईल मराठी करोडपती' मराठीत अवतरले तेव्हाही तेच राहिले. 2008 सालच्या 'स्लमडॉग मिलियनेअर' ह्या चित्रपटात तर हे संगीत प्रत्यक्ष कथानकाचा भाग झाले. मुंबईच्या झोपडवस्तीत वाढलेल्या तरुणाच्या आठवणी एकीकडे आणि स्पर्धकाच्या खुर्चीभोवतीचे ते घनगंभीर सूर दुसरीकडे, अशी ती योजना. ती निर्वेध पार पडली, कारण चित्रपटाची निर्मिती करणारी सेलाडॉर ही मूळ कार्यक्रम ज्या घराण्यातून निघाला त्याच घराण्याची संस्था होती. ए. आर. रहमान यांना त्या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्करची दोन पारितोषिके मिळाली, आणि ती सर्वस्वी यथायोग्य होती. तथापि खुर्चीच्या प्रसंगांतील धाकधूक स्ट्रॅकन पितापुत्रांची आहे, हेही स्मरणात असावे.

आता ह्याच्या उलट दिशेचा प्रवास पाहू. स्पर्धेसाठी मुद्दाम न रचलेली, कोठेतरी भांडारात पडून असलेली रचना स्पर्धेने उचलावी आणि आपलीशी करावी, असेही घडते. इंग्लंडमध्ये केपीएमसारख्या संस्थांनी अशा तयार संगीताची मोठी भांडारे बाळगली होती. चित्रपटवाले, जाहिरातवाले, दूरचित्रवाणीवाले, ज्याला जे रुचेल ते त्याने ठरावीक मोबदला देऊन वापरावे, अशी त्यांची वहिवाट. बीबीसीच्या 'मास्टरमाइंड' ह्या 1972 साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत असेच भांडारातून आले. नील रिचर्डसन यांच्या त्या रचनेचे नावच मुळी 'अप्रोचिंग मेनस', म्हणजे जवळ येत चाललेले संकट. कार्यक्रमाचे जनक बिल राइट हे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. तेथे उलटतपासणीला सामोरे जावे लागल्याचा अनुभव त्यांनी काळ्या खुर्चीच्या आणि एकाकी प्रकाशझोताच्या रूपाने दूरचित्रवाणीवर आणला, आणि त्या अनुभवास साजेसे सूर भांडारात आधीच तयार होते. पुढे त्या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती सिद्धार्थ बसू यांनी चालवली, आणि 'कौन बनेगा करोडपती'ची उभारणीही त्यांच्याच हातून झाली. प्रश्नमंचाच्या ह्या दोन घराण्यांचा संगम असा आपल्या देशात झाला.

भांडारातील संगीताची सर्वात विलक्षण हकिकत मात्र ॲलन हॉकशॉ ह्या रचनाकाराची. त्यांची 'चिकन मॅन' ही उड्या मारीत जाणारी, खोडकर रचना 1978 साली बीबीसीने 'ग्रेंज हिल' ह्या शाळकरी मुलांच्या मालिकेसाठी घेतली, आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी आयटीव्हीने तीच रचना निराळ्या वाद्यमेळात बसवून 'गिव्ह अस अ क्लू' ह्या मूकाभिनयाच्या स्पर्धेला शीर्षक म्हणून दिली. दोन्ही कार्यक्रम एकाच काळात चालू होते, आणि एका घरातील मुलाला संध्याकाळी जे सूर शाळेचे वाटत तेच त्याच्या आईवडिलांना रात्री खेळाचे वाटत असले पाहिजेत. ह्याच हॉकशॉ यांनी चॅनल फोरच्या 'काउंटडाउन' कार्यक्रमातील घड्याळाचे तीस सेकंदांचे संगीत रचले. 2 नोव्हेंबर 1982 रोजी ती वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावरचा पहिला कार्यक्रम तोच होता.

तीस सेकंद म्हटले की अमेरिकेच्या 'जेपर्डी!'चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या कार्यक्रमाचे प्रवर्तक मर्व्ह ग्रिफिन यांनी 1963 साली आपला लहानगा मुलगा टोनी याच्यासाठी एक अंगाईगीताची चाल बांधली होती. 1964 साली कार्यक्रम सुरू झाला आणि अंतिम प्रश्नाचे उत्तर लिहिताना स्पर्धकांना जी अर्ध्या मिनिटाची मुदत मिळते, तिच्यासाठी तीच चाल योजिली गेली. बाळाला निजवण्यासाठी जन्मलेली ती मृदू, पावलापावलाने चालणारी स्वरावली संपूर्ण राष्ट्राची वाट पाहण्याची खूण होऊन बसली. बेसबॉलच्या सामन्यात प्रशिक्षक मैदानात येऊन खेळाडूशी सल्लामसलत करू लागला की ऑर्गनवादक ती छेडतो, आणि वर्गात विद्यार्थी फळ्यापाशी अडखळला की मागच्या बाकावरून कोणीतरी ती गुणगुणतो. ग्रिफिन यांनी 1986 साली आपली कंपनी 25 कोटी डॉलरांना विकली, परंतु ह्या चालीच्या मानधनाचा हक्क स्वतःकडे राखला, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्या अर्ध्या मिनिटाने त्यांना सात कोटी डॉलरांहून अधिक प्राप्ती करून दिली.

कॅनडाचे उदाहरण मला ह्या सर्वांत अधिक प्रिय आहे. अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स यांनी 1962 साली 'सोल बोसा नोव्हा' ध्वनिमुद्रित केले. त्यातील रोलँड कर्क यांची बासरी एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही. पुढे 1974 ते 1989 पर्यंत कॅनडात चाललेल्या 'डेफिनिशन' ह्या शब्दखेळाने ती रचना शीर्षकसंगीत म्हणून घेतली, आणि घरोघरी ती त्या खेळाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. टोरांटोच्या 'ड्रीम वॉरियर्स' ह्या दोघा तरुण रॅप-गायकांनी 1990 साली त्याच सुरांवर आपले गाणे उभारले आणि गाण्याच्या नावातच 'डेफिनिशन' हा शब्द गुंफून ऋणाची उघड नोंद केली. 1997 साली 'ऑस्टिन पॉवर्स' चित्रपटाने तीच रचना जगभर नेली, तेव्हा त्याचा नायक व लेखक माइक मायर्स हाही टोरांटोच्या स्कारबरो भागात वाढलेला होता. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. बालपणी दिवाणखान्यात रोज ऐकलेले सूर मनुष्य जन्मभर आपल्याबरोबर वागवतो, आणि संधी मिळताच त्यांना नवे घर बांधून देतो.

असे दुसऱ्याचे सूर जाहीरपणे वाजवायचे तर आपल्याकडे कायद्याची स्थिती काय आहे, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने धार्मिक विधीच्या, त्यात विवाहसमारंभाच्याही, प्रसंगी वाजविल्या जाणाऱ्या संगीतास सवलत दिली आहे. अन्य बहुतेक सार्वजनिक प्रयोगांसाठी परवाना लागतो, आणि रचनाकारांच्या वतीने तो देण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही 1969 साली स्थापन झालेली संस्था मुंबईच्या दप्तरातून करते. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा अबाधित राखला. ग्रिफिन यांच्याजवळ मालकी होती म्हणून त्यांना स्वतःचा हक्क राखता आला. सामान्य रचनाकाराच्या पाठीशी कायदाच उभा राहावा लागतो.

म्हणून मंडळांच्या, शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, ह्या वर्षी प्रश्नमंजूषा योजाल तेव्हा लागत असल्यास रीतसर परवाना घ्या आणि ज्यांचे सूर वाजवाल त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापा. त्याहून उत्तम म्हणजे, आपल्याच गावातील एखाद्या होतकरू संगीतकाराकडून तीस सेकंदांची नवी रचना करून घ्या, आणि त्याचा मेहनताना आगाऊ द्या.