सुगी, बहर की भरभराट?

भाद्रपदात आमच्या बचत गटाची बैठक झाली आणि एका शब्दावरून वाद रंगला. पावसाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्यावर आम्ही इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीचे पापड विकले. शनिवार-रविवारी तर माल पुरेना. तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "आता आपली भरभराट झाली. कर्ज काढू, मोठी गिरणी घेऊ." गटातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, ही भरभराट नव्हे, हा बहर आहे." सगळ्या हसल्या, पण मला ते बोलणं लागलं. चांगल्या दिवसांना आपल्या मराठीत किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा.

बहर हा शब्द फारसीतून आला. तिकडे बहार म्हणजे वसंत ऋतू. आपल्याकडे डाळिंबवाले आजही मृग बहार, आंबे बहार असं म्हणतात. झाड फुलांनी भरून जातं, डोळे निवतात. पण सगळ्याच फुलांची फळं होत नाहीत, कितीतरी गळून जातात. म्हणून बहर पाहून फळांचा पैसा मोजू नये.

सुगी म्हणजे पीक हाती येण्याचे दिवस. भात कापायचं, झोडायचं, घरात आणायचं. सुगी दर वर्षी येते, पण थोडेच दिवस राहते. त्या दिवसांत आलेलं धान्य वर्षभर पुरवायचं असतं आणि त्यातलंच बियाणं आधी बाजूला काढायचं असतं. "सुगीचे दिवस आले" असं म्हणतो, तेव्हा हे साठवणंही त्यात आलंच.

चलती गिऱ्हाइकाच्या हातात असते. आज एका वस्तूची चलती, उद्या दुसरीची. लोणावळ्याचा पावसाळी सीझन असाच. भुशी धरणाकडे गर्दी आहे तोवर कणीस-भज्यांची चलती. पाऊस थांबला की रस्ता मोकळा.

सद्दी म्हणजे एखाद्याचा जोर, त्याच्या नशिबाचा काळ. हा शब्द आपल्या कानावर बहुतेक वेळा "सद्दी संपली" असाच पडतो.

कळस देवळाच्या टोकाला असतो, त्याच्या वर काही नाही. म्हणून यश कळसाला पोचतं, तसंच "अन्यायाने कळस गाठला" असंही म्हणतात.

उत्कर्ष संस्कृतातला. उत् म्हणजे वर, आणि कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. कृषी हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे उत्कर्ष आपोआप होत नाही, ओढून वर न्यावा लागतो.

आणि भरभराट? त्यात भर आहे. आज थोडी, उद्या थोडी, अशी भर पडत राहिली तर ती भरभराट. एका पावसाळ्यात ती कळत नाही.

मावळाला भरभराट नवी नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्याचं रूप पालटलं. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे २००० वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांकडे जाणारा व्यापार याच घाटांतून चाले. त्या काळात कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी कोरली गेली. दानं देणाऱ्यांची नावं तिथल्या दगडात आहेत. बेडशाला पाण्याच्या एका टाक्यावर एका बाईचं नाव आहे, सामडिनिका. महाभोजाची मुलगी, महारठी घराण्यातली सून. तिचे दिवस चांगले होते, तेव्हा तिने पाण्याचं टाकं दिलं. ते घराणं गेलं, तो व्यापारही गेला. टाकं आणि तिचं नाव तिथेच आहे.

आपण दगडात टाकं कोरणार नाही, पण चांगल्या दिवसांतून मागे काय ठेवायचं हे आपल्याही हातात आहे.

आमच्या बैठकीत शेवटी असं ठरलं. पावसाळ्याच्या नफ्यातून आधी पुढच्या मालाचे पैसे बाजूला काढायचे, मग उरलेले वाटून घ्यायचे. गिरणीचा विषय शिमग्यापर्यंत थांबवायचा. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत, गर्दी नसताना किती माल खपला ते वहीत लिहायचं. तेव्हाही विक्री टिकली तर वहिनींचा शब्द खरा, आणि गिरणी घ्यायची. नाही टिकली तर मावशींचा शब्द खरा, आणि डोक्यावर कर्ज तरी नाही. वहिनींनाही हे पटलं. वही त्यांनीच हातात घेतली.

तुमच्या गटाचा धंदा जोरात असेल तर आनंदच आहे. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एकमेकींना एवढं विचारा: बाई गं, हा बहर आहे, सुगी आहे, चलती आहे की भरभराट?