क्ष-किरणांच्या खोलीतील सदसद्विवेक

हाड मोडले, छातीत दुखू लागले, पोटात गाठ असल्याची शंका आली, की डॉक्टर आपल्या हाती चिठ्ठी देतात आणि आपण एक्स-रे, सीटी स्कॅन वा एमआरआय केंद्राची वाट धरतो. तेथे आपली तपासणी करणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. ती असते तंत्रज्ञ. ती आपले नाव विचारते, कपडे बदलावयास सांगते, टेबलावर निजवते आणि काचेपलीकडे जाऊन कळ दाबते. त्या काही मिनिटांत आपला देह पूर्णतः तिच्या स्वाधीन असतो. डॉक्टरांच्या नीतिमत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो. तंत्रज्ञांच्या नीतिमत्तेचा मात्र क्वचितच विचार करतो. म्हणून आज या विषयाची ओळख करून घेऊ या.

अदृश्य शक्तीची जबाबदारी

जर्मनीतील वुर्त्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. हे किरण दिसत नाहीत, त्यांचा स्पर्शही जाणवत नाही. त्यामुळे त्यांचा धोका उमगण्यास वेळ लागला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली या प्रयोगांत भाजले, त्यांचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. अशा हुतात्म्यांचे स्मारक १९३६ साली जर्मनीतील हॅम्बर्ग येथे उभारण्यात आले. त्यावर प्रारंभी १६९ नावे कोरलेली होती. आजच्या तंत्रज्ञाचे नियम या वेदनेतून जन्मले आहेत.

यातील पहिला नियम असा, की निदानास पुरेल अशी प्रतिमा मिळावी; परंतु किरणांची मात्रा वाजवी रीतीने शक्य तितकी कमी असावी. छातीच्या एका एक्स-रेत मिळणारी मात्रा निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळते तेवढीच असते. पोटाच्या सीटी स्कॅनमधील मात्रा मात्र निसर्गातून काही वर्षांत मिळणाऱ्या मात्रेइतकी असू शकते. म्हणून बालकाची तपासणी प्रौढाच्या मापाने करणे किंवा घाईत बिघडलेली फिल्म निष्काळजीपणे पुन्हा काढणे, हा केवळ तांत्रिक दोष नव्हे, तर नैतिक दोष होय. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला, इतरांसमोर नव्हे तर एकांतात, गर्भधारणेविषयी विचारणे हेही याच कर्तव्यात मोडते.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका नामांकित रुग्णालयात २००९ साली असे उघडकीस आले, की मेंदूच्या सीटी स्कॅनच्या वेळी दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट किरण दिले गेले होते. यंत्रातील मांडणी बदलली गेली आणि हा प्रकार सुमारे दीड वर्ष कुणाच्या ध्यानी आला नाही. काही रुग्णांचे केस गळाले, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. यंत्रावर विसंबून आपले डोळे मिटू नयेत, हा धडा या घटनेने जगभरातील तंत्रज्ञांना दिला.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण तेथील प्रचंड चुंबक तपासणी चालू नसतानाही कार्यरत असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. दाराशी उभे राहून प्रत्येकास थांबवणे, प्रसंगी वरिष्ठांचाही रोष पत्करणे, हे तंत्रज्ञाचे लहानसे वाटणारे पण जीव वाचवणारे काम आहे.

लज्जारक्षण आणि मौन

रुग्ण भयभीत असतो, अनेकदा अर्धवस्त्र असतो. आवश्यक तेवढाच भाग उघडा ठेवणे, स्पर्श करण्यापूर्वी सांगणे, स्त्री-रुग्णाच्या वेळी स्त्री-कर्मचारी उपस्थित ठेवणे, गरीब व श्रीमंत यांना एकाच आदराने हाक मारणे, या साध्या गोष्टींतूनच मानवी प्रतिष्ठेचा सन्मान होतो.

तपासणी संपताच आपण अधीरतेने विचारतो, “काही वाईट तर नाही ना?” पडद्यावर गाठ दिसत असली तरी तंत्रज्ञ म्हणतो, “डॉक्टर तुम्हाला सांगतील.” हा रूक्षपणा नव्हे. निदान करणे त्याच्या अधिकारात नाही आणि अर्धवट शब्दाने एखाद्या कुटुंबाची झोप उडू शकते. मात्र तातडीचा धोका दिसल्यास तो तत्क्षणी डॉक्टरांच्या कानी घालणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तसेच रुग्णाची फिल्म मोबाइलवर टिपून मित्रांना पाठवणे हा विश्वासघात आहे.

डाव्या-उजव्या बाजूची खूण चुकली, नावांची अदलाबदल झाली, तर ती चूक लपवू नये. वेळीच कबूल केलेली चूक सुधारता येते. लपवलेली चूक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते.

गर्भातील कन्येचा प्रश्न

सोनोग्राफी करण्याचा अधिकार कायद्याने पात्र व्यक्तीसच आहे. तथापि केंद्रातील प्रत्येक कर्मचारी त्या कायद्याने बांधलेला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा गुन्हा आहे. मिठाईचे नाव घेतले काय किंवा बोटाने इशारा केला काय, अपराध तोच. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. हे कुणा एकट्याचे कृत्य नव्हे. विचारणारे कुटुंब, सांगणारा डॉक्टर आणि मूक राहणारा सहायक, असे सारेच त्यात सहभागी असतात.

येथेच तरुण तंत्रज्ञाची खरी कसोटी लागते. घरची जबाबदारी शिरावर, नोकरी नवी आणि मालक सांगतो, “तू फक्त नोंदवही भर.” अनावश्यक तपासण्या सुचवून कट घेण्याची प्रथाही त्याच्या डोळ्यांदेखत चालते. अशा वेळी नाही म्हणणे सोपे नसते. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला असून त्यात नोंदणी व व्यावसायिक आचरणाच्या मानदंडांची तरतूद आहे. परंतु केवळ कायदा पुरेसा नसतो. नकार देणाऱ्यामागे त्याचे कुटुंब आणि त्याचा समाज उभा राहिला पाहिजे.

आपले कर्तव्य

रुग्ण म्हणून आपलीही काही कर्तव्ये आहेत. जुन्या फिल्म व अहवाल जपून ठेवावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. गर्भधारणा, शरीरातील पेसमेकर वा धातूची वस्तू यांविषयी आधीच सांगावे. “एकदाचा स्कॅन काढून टाका” असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. तपासणी कशासाठी आहे, हे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि मुलगा की मुलगी, हा प्रश्न कधीही विचारू नये.

आपल्या धर्मग्रामांतील जे युवक-युवती या अभ्यासक्रमाकडे वळत असतील, त्यांच्या पालकांनी पगाराबरोबर या जबाबदारीचीही चर्चा घरी अवश्य करावी. ८ नोव्हेंबर हा दिवस जागतिक रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या परिचयातील एखाद्या तंत्रज्ञाची आवर्जून विचारपूस करावी. ज्याचे नाव आपल्या अहवालावर सहसा छापले जात नाही, त्याच्या प्रामाणिकपणावर त्या अहवालाचा भरवसा अवलंबून असतो.