टपालयादीच्या किल्ल्या

एका ठराविक पत्त्यावर ई-मेल धाडावें आणि तें क्षणार्धांत शेंकडों लोकांच्या पेटींत जाऊन पडावें, ही सोय आज सर्वांच्या परिचयाची आहे. अशा यादीस ‘मेलिंग लिस्ट’ म्हणतात. तिची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलींपैकीं पायथन भाषेंत लिहिलेली ‘मेलमॅन’ ही फार प्रसिद्ध होय. पालकांची किंवा माजी विद्यार्थ्यांची यादी हिच्यावर सहज चालूं शकते. परंतु अशा यादींत सर्वांचे पत्ते असतात, मागील पत्रव्यवहारही सांठविलेला असतो. तेव्हां तिच्यावर कोणाची किती सत्ता चालावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

मेलमॅनच्या २.१ ह्या आवृत्तींत सत्तेच्या पायऱ्या ठरविलेल्या आहेत. वसतिगृहांत सर्व खोल्यांची किल्ली रेक्टरांजवळ असते आणि एका खोलीची त्या खोलींतील मुलांजवळ. तसेंच हें आहे. सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द तेथील प्रत्येक यादीस लागतो. यादीच्या चालकाचा शब्द त्याच्या एकाच यादीपुरता चालतो. ‘मॉडरेटर’ म्हणजे दारावरचा पहारेकरी. अडवून ठेवलेलें पत्र आंत सोडावें कीं परत करावें, हें तो ठरवितो. यादीच्या नियमांना त्याला हात लावतां येत नाहीं. शिवाय नव्या याद्या निर्माण करण्यापुरताच उपयोगी पडणारा एक निराळा शब्दही ठेवतां येतो.

आतां येथें पुष्कळांची फसगत होते ती पाहा. यादीच्या मांडणींत चालकांचे पत्ते लिहिण्याची एक चौकट आहे. तींत एखाद्याचा पत्ता लिहिला म्हणजे तो चालक झाला, असें वाटणें स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या पत्त्यावर केवळ सूचना जातात. सत्ता येते ती परवलीच्या शब्दानें. उलट, काम सोडून गेलेल्या गृहस्थाचा पत्ता चौकटींतून काढून टाकला, तरी शब्द त्याच्या ध्यानांत असेपर्यंत दार त्याला मोकळेंच! सर्व चालकांचा शब्द एकच असल्यामुळें तो बदलून उरलेल्या प्रत्येकाला नव्यानें कळवावा लागतो. हें काम कंटाळवाणें खरें, आणि म्हणूनच तें बहुधा राहून जातें.

यादीच्या चालकालाही कांहीं गोष्टी मूळच्या मांडणींत वर्ज्य आहेत. स्वतःची यादी त्याला वेबवरून नष्ट करतां येत नाहीं. सभासदाचा परवलीचा शब्द त्याला बदलतां येत नाहीं. कारण त्या शब्दानें सभासदाच्या नांवें आंत शिरलें, तर त्याच सर्व्हरवरील त्याच्या इतर याद्यांचीही माहिती उघडी पडूं शकते. प्रत्येक सभासदास त्याच्या नांवानिशीं स्वतंत्र पत्र पाठविण्याची सोयही चालकास आपण होऊन सुरू करतां येत नाहीं. हें शेवटचें बंधन मात्र अविश्वासापोटीं नव्हे. एका पत्राचीं हजार निराळीं पत्रें झालीं कीं सर्व्हरवर भार पडतो, इतकेंच. हीं बंधनें सैल करणें मुख्य व्यवस्थापकाच्या हातीं असतें. त्यानें तो फेरफार मूळच्या फाइलींत न करतां स्थानिक मांडणीच्या निराळ्या फाइलींत लिहावयाचा असतो, नाहींतर नवी आवृत्ती बसवितांना तो पुसला जातो.

मेलमॅनची तिसरी आवृत्ती सन २०१५ मध्यें निघाली. तींत सामाईक शब्दाची पद्धत उरली नाहीं. चालक, मॉडरेटर, सभासद ह्या भूमिका ज्याच्या त्याच्या पत्त्याला जोडल्या जातात आणि प्रत्येकजण आपापल्या खात्यांतून आंत येतो. कोणी काम सोडलें तर त्याची भूमिका काढून घेतली म्हणजे झालें. इतरांना नवा शब्द कळवीत बसण्याचें कारण उरत नाहीं. मुख्य व्यवस्थापक मात्र तेथेंही आहे, व त्याला सर्व याद्या पूर्वींप्रमाणेंच उघडतां येतात.