खलाशाला व्हिसा नाही, तज्ज्ञाला हवा
१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळी लादणाऱ्या हातांत नेपाळी हातही दिसू लागतात. हे खलाशी परदेशी खरे; पण त्यांना व्हिसा लागत नाही आणि कामाचा परवानाही नाही. ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार आणि दोन देशांतली खुली सीमा, ही त्याची कारणं.

आता अशाच एखाद्या बोटीसाठी जपानी किंवा जर्मन तंत्रज्ञ नोकरीवर आणायचा म्हटलं, तर त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा. तो उच्च कौशल्याचा असावा लागतो, आणि जे काम करायला पुरेसे भारतीय मिळतात त्यासाठी व्हिसा मिळत नाही. पगाराची अटही आहे: वर्षाला साधारणपणे १६.२५ लाख रुपयांच्या वर. गंमत म्हणजे, आपल्या देशाचे पदार्थ रांधणारा आचारी आणि दुभाषा यांना त्यातून सूट! व्हिसा बहुधा त्या एका मालकापुरताच. मनाला येईल तेव्हा नोकरी बदलता येत नाही. मुक्काम १८० दिवसांहून जास्त असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. पर्यटक व्हिसावर आलेल्याला मात्र कामाला लावू नका.