नावेतली टाकी का सुटते?

पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चार पावले चालून पाहा. पाणी एका काठाकडे धावते, मग दुसऱ्या. परात हातांतून निसटू पाहते. आता परातीच्या जागी १०० लिटरची टाकी आणि हातांच्या जागी समुद्रावर हेलकावणारी नाव आहे, अशी कल्पना करा!

फायबरग्लासच्या शिडाच्या नावेत पिण्याच्या पाण्याची टाकी असते. जुनी गळू लागली की नवी बसवतात. पण ती नेमक्या त्याच मापाची क्वचितच मिळते. मग ती घट्ट कशी बसवायची? हा प्रश्न पदार्थविज्ञानाचाच आहे.

१०० लिटर पाण्याचे वस्तुमान १०० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे १,००० न्यूटन. नाव ३० अंशांनी कलली तर वजनाचा निम्मा घटक, ५०० न्यूटन, टाकीला उताराकडे ओढतो. लाटेवर आदळून नावेचा वेग एकाएकी घटला तर जडत्वामुळे टाकी पुढे जाऊ पाहते. हे ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट असेल, तर तिला थोपवायला २,००० न्यूटन बल हवे. टाकी सुटली तर नळ्या तुटतील आणि किनारा दूर असताना प्यायचे पाणीच जाईल.

"मग चार स्क्रू मारावेत!" असे तुम्ही म्हणाल. पण नावेचे कवच पातळ असते. १,००० न्यूटन बल १ चौरस सेंटिमीटरवर पडले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० न्यूटन. तेच २०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर फक्त ५! शिवाय कवचाला भोक पाडणे म्हणजे समुद्राला वाट देणे. म्हणून कवचाच्या वळणाप्रमाणे कापलेल्या प्लायवुडच्या आधारफळ्या काचतंतूंचे कापड आणि रेझिन यांनी कवचाला जोडतात. चारी बाजूंना अडसर, घासू नये म्हणून रबराच्या पट्ट्या आणि वरून रुंद पट्टे. वरून कशाला? नाव लाटेच्या माथ्यावरून खाली कोसळते तेव्हा टाकी वर उचलली जाते!

आत हिंदकळणाऱ्या पाण्याचे काय? त्याचा नाव कलवणारा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. मधोमध अखंड उभा पडदा घातला, तर प्रत्येक भागाचा परिणाम १/८, दोन्हींचा मिळून १/४ होतो.

गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नावेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत नावेतली प्रत्येक जड वस्तू जागच्या जागी राहावी लागते.

आता तेवढेच पाणी दोन अरुंद पातेल्यांत घेऊन चालून पाहा. फरक हातांनाच कळेल!